शिकविणाऱ्याचा संशय

कारंजा तालुक्यातील धनज गावाहून एका हरिपाठ शिकविणाऱ्या बुवांचा प्रश्न आला आहे. प्रश्न एकाचा असला तरी तो गावोगावच्या शिकविणाऱ्यांचा आहे, म्हणून त्याचा विचार येथे सर्वांसमोर करू.

बुवा लिहितात, सायंकाळी दिवेलागणीला गावातल्या देवळात पंधरा-वीस मुले हरिपाठाला जमतात. त्यात बारा वर्षांचे एक पोरगे आहे. टाळ मुद्दाम चुकवते. बुवांच्या आवाजाची नक्कल करते. हरिपाठाच्या चालीत सिनेमाचे गाणे घुसडते आणि शेजारच्याची टोपी ओढते. रागावले की हसते. समजावले की मान हलवते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तीन मुले यायची बंद झाली. पारावर कोणी म्हणाले, "बुवाले वर्ग झेपत नाही." ते बुवांच्या जिव्हारी लागले. शेवटी ते विचारतात, "मले आता वाटते का मीच या कामाचा नाही. ज्याले एक पोट्टं आवरत नाही, त्यानं नामाची गोडी दुसऱ्याले काय लावावी? वर्ग बंद करू काय?"

या प्रश्नात दोन गाठी आहेत. एक मुलाच्या खोडीची, दुसरी बुवांच्या मनातील संशयाची. लोक पहिली सोडवायला धावतात, आणि दुसरी तशीच राहिल्यामुळे पहिलीही सुटत नाही. म्हणून आधी संशयाचे पाहू.

संशय तीन ठिकाणी जाऊन बसतो. तो मुलावर बसला तर माणूस म्हणतो, हे पोरगेच वाया गेलेले. आपल्यावर बसला तर म्हणतो, मीच नालायक. आपल्या रीतीवर बसला तर म्हणतो, मी शिकवितो कसे, ते एकदा पाहिले पाहिजे. पहिल्या दोन ठिकाणी संशय बसला की काम थांबते, कारण दोन्हीकडे निकाल लागून गेलेला असतो. तिसऱ्या ठिकाणी मात्र काम सुधारते. तेव्हा संशय यावा, पण तो रीतीवर यावा. सांगावयाचे ते एवढेच. आता संतांच्या चरित्रांतून ते पारखून घेऊ.

गीता आपण नित्य ऐकतो. दुसऱ्या अध्यायात अर्जुन शिष्य झाला, देवाने एवढे मोठे ज्ञान सांगितले, आणि तिसरा अध्याय उघडतो तो अर्जुनाच्या तक्रारीने. तो म्हणतो, देवा, तुझे बोलणे दुटप्पी वाटते, माझी बुद्धी गोंधळते, एक काय ते निश्चित सांग. शिकविणाऱ्याच्या तोंडावर शिष्याने 'तुमचे शिकवणे मला घोटाळ्यात टाकते' असे म्हणणे ही लहान गोष्ट नव्हे. तेही दोन सैन्यांच्या मध्ये! पण भगवंत रुसला नाही, आणि 'मला सांगता येत नाही' म्हणून गप्पही बसला नाही. तीच गोष्ट त्याने दुसऱ्या बाजूने मांडली, आणि अशी अठराव्या अध्यायापर्यंत मांडीत गेला. शेवटी काय म्हणाला? सर्व सांगून झाले, आता याचा पुरता विचार कर आणि तुला वाटेल तसे कर. आणि मागाहून विचारले, तू हे एकाग्रतेने ऐकलेस ना? जगद्गुरूसुद्धा विचारून घेतो. मग आपण का विचारू नये?

आता नाथांच्या घरी चला. पैठणास श्रीएकनाथमहाराजांकडे गावबा नावाचा मुलगा होता, त्याची कथा वारकऱ्यांना ठाऊक आहे. त्याला रोज पुरणपोळी पाहिजे असे. गरीब आईला रोज पुरण कोठून परवडणार? मुलगा हट्ट सोडीना, शिकण्याकडे लक्ष देईना. आईने त्याला नाथांच्या पायांवर आणून घातले. येथे एखादा शिकविणारा म्हणाला असता, आधी जीभ आवर, मग ये. नाथ म्हणाले, राहू दे येथे, याला रोज पुरणपोळी मिळेल.

हे लाड नव्हेत. पोराचे मन कोठे अडकले आहे ते नाथांनी पाहिले आणि त्याच खुंटीला दोर बांधला. पुरणपोळीसाठी राहिलेले पोर नाथांच्या सहवासात राहिले, घरातली कामे करू लागले, कानावर रोज कथा पडू लागली. पुढे नाथांनी त्याला मंत्र द्यावयाचे योजले, तर ते म्हणाले, मला 'एकनाथ' याखेरीज दुसरे नाव येत नाही. लोक हसले. नाथांनी तेही चालवून घेतले. आणि फळ काय आले? नाथांचे भावार्थ रामायण युद्धकांडात चव्वेचाळिसाव्या अध्यायापर्यंत झाले आणि सन १५९९ मध्ये नाथांनी देह ठेवला. पुढचा ग्रंथ गावबाने पुरा केला, असे परंपरा मानते. ज्याला पुरणपोळ्या म्हणून चिडवीत, त्याच्या हातून गुरूचा अपुरा ग्रंथ तडीस गेला.

धनजच्या लोकांना तर दूर जावयास नको. कारंजा हे श्रीनृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान. गुरुचरित्रात सांगितले आहे की ते बाळ ॐकाराशिवाय काही बोलेना. सात वर्षांचे झाले तरी बोलेना. आईबाप कष्टी झाले, मूल मुके आहे असा लोकांनी निकाल दिला, आणि मुंजीत त्याच मुखातून वेद बाहेर पडले. ती अवतारी पुरुषाची कथा, सर्वांना लागू नाही हे खरे. पण लोकांचा निकाल किती घाईचा असतो, एवढे तरी त्यातून घ्यावे.

नाथांच्याच घरी दुसरा प्रसंग आहे, आणि बुवांच्या मनातल्या गाठीला तोच अधिक लागू पडतो. नाथांचा मुलगा हरिपंडित मोठा विद्वान. त्याला बापाची प्राकृत पुराणे आवडेनात, जातिभेद न पाहता कोणाकडेही जेवणे आवडेना. तो रागावून काशीस गेला. नाथ त्याला आणावयास गेले तेव्हा त्याने अटी घातल्या : परान्न घ्यावयाचे नाही आणि प्राकृतात सांगावयाचे नाही. परका टवाळ निराळा. येथे पोटचा मुलगा बापाला सांगतो की तुमची सांगण्याची रीतच चुकीची! नाथांनी अटी मान्य केल्या. पुराण हरिपंडित सांगू लागला. विद्वत्ता होती, पण श्रोते हळूहळू कमी झाले. पुढे सहस्रभोजनाचा संकल्प केलेल्या एका बाईच्या घरी नाथ जेवले, हरिपंडिताने उष्टी पत्रावळ उचलली तर खाली दुसरी, ती उचलली तर तिसरी, अशा हजार पत्रावळी निघाल्या, आणि मुलाचा अभिमान गळाला, अशी कथा आहे.

चमत्काराकडे आपण भक्तीने पाहतो, पण शिकविणाऱ्याने त्याच्या आधीचा भाग नीट पाहावा. नाथांनी आपली रीत बाजूला ठेवून दाखविली. ती आपल्या मोठेपणासाठी धरलेली नव्हती, म्हणून ठेवता आली. पण त्यांनी नाम सोडले नाही, मुलावरची माया सोडली नाही, आणि मी या कामाचा नाही असेही म्हटले नाही. दिवस जाऊ दिले. आपल्याला टोचते ते कोठे टोचते, हे यावरून ओळखावे. वर्ग मोडतो म्हणून दुःख होते, की पारावर नाव गेले म्हणून? पहिले दुःख सेवेचे, दुसरे मानाचे. दोन्ही एकत्र कालवलेली असतात. रात्री अंथरुणावर पडल्यावर ती वेगळी करावीत.

खोडकर मुलाच्या बाबतीत उलट उदाहरणही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. भागवताच्या सातव्या स्कंधातील शंड आणि अमर्क हे दोघे प्रल्हादाचे गुरुजी. त्यांच्या दृष्टीने वर्गातले सर्वांत त्रासदायक मूल कोण? प्रल्हाद! शिकवितात ते म्हणून दाखवितो, पण मनात धरीत नाही, आणि गुरुजी बाहेर गेले की इतर दैत्यपुत्रांना जमवून नारायणाची भक्ती सांगतो. हिरण्यकशिपूने विचारले तेव्हा गुरुजी घाबरले. हे आम्ही शिकविले नाही, म्हणून हात झटकले आणि मुलाला छडीचा धाक घातला. राजा काय म्हणेल ही त्यांची काळजी, म्हणून पुढ्यात बसलेला भक्त त्यांना दिसलाच नाही. प्रत्येक दांडगा मुलगा प्रल्हाद नसतो, हे कोणीही सांगेल. पण पारावरचे लोक काय म्हणतील या भीतीने मुलाकडे पाहिले, तर तो कोण आहे हे कधीच कळत नाही.

कोणी म्हणेल, मग गुरूने सगळेच सोसावे काय? येथे देहूच्या मंबाजीची कथा सांगतात. मंबाजी तुकोबांच्या कीर्तनाला बसे, पण मनात द्वेष धरी. तुकोबांच्या म्हशीने त्याची बाग तुडविली, या निमित्ताने त्याने काटेरी फांद्यांनी तुकोबांना मारले. त्या रात्री कीर्तनाला मंबाजी दिसेना. तुकोबा त्याच्या घरी गेले, मारता मारता तुमचे हात दुखले असतील म्हणून त्याचे अंग चेपले आणि त्याला कीर्तनाला घेऊन आले. महिपतिबोवांनी ही कथा गायिली आहे. ती ऐकताना डोळ्यांत पाणी येते.

पण ही कथा हरिपाठाच्या वर्गाला लावताना विवेक पाहिजे. तुकोबांनी सोसले ते स्वतःच्या अंगावर सोसले. नक्कल बुवांची झाली तर बुवांनी सोसावी, हसावे, सोडून द्यावे. पण जे पोरगे दुसऱ्या लहान मुलाला मारते, रडविते, त्याचे सोसण्याचा बुवांना अधिकार नाही, कारण ते अंग त्यांचे नव्हे. तेथे त्याला शांतपणे बाजूला बसवावे. सांगावे, आजचे टाळ बंद, उद्या ये. आणि उद्या तो आला तर कालचे काढू नये. तुकोबांच्या कथेतून एक गोष्ट मात्र जशीच्या तशी घ्यावी. जो आला नाही त्याच्या दारी आपण जावे. ज्या तीन मुलांनी येणे सोडले त्यांच्या घरी बुवा गेले आहेत काय? पत्रात तसा उल्लेख नाही. आधी तेथे जावे.

आता दुसरी गाठ. मीच या कामाचा नाही, हा विचार मोठमोठ्यांना शिवलेला आहे. ज्ञानेश्वरमाउली लोकांच्या बोलण्याने कष्टी होऊन दार लावून बसले, आणि मुक्ताईने ताटीचे अभंग म्हणून त्यांना दार उघडावयास लावले, ही कथा आळंदीच्या वाटेवरचे लेकरूही सांगते. जगाला ज्ञान देणारा आत बसला आहे, आणि त्याला समजावणारी भावंडांत सर्वांत धाकटी. शिकविणाऱ्याची ताटी बहुधा शिकणाराच उघडतो. बुवांच्या वर्गात अजून बारा-पंधरा मुले रोज येतात, ती का येतात? एक पोरगे हसते ते बुवांना मोठ्याने ऐकू येते, आणि चौदा मुले म्हणतात ते ऐकू येईनासे झाले आहे. संशयाचा कान असाच असतो.

शिवाय शिकविण्याची कला कोणी पोटातून घेऊन येत नाही. श्रीविष्णुबुवा जोगमहाराज तरुणपणी तालमीत रमलेले, कुस्तीचा नाद असलेले. पुढे ते ज्ञानेश्वरीचे मोठे अभ्यासक आणि कीर्तनकार झाले. कीर्तन-प्रवचन हे शिकवून येते, त्याला अभ्यासक्रम पाहिजे, शिस्त पाहिजे, हे ओळखून त्यांनी १९१७ साली आळंदीस वारकरी शिक्षण संस्था काढली. तेथे चार वर्षांचा अभ्यास असतो. विद्यार्थ्यांनी माधुकरी मागून शिकावे, असा पायंडा पडला. १९२० साली जोगमहाराज गेले, पण संस्था चालली आणि महाराष्ट्रभर तिचे कीर्तनकार गेले. ज्या संप्रदायात सांगणे शिकावे लागते असे इतक्या मोठ्या माणसाने मानले, त्या संप्रदायात एका वर्षात वर्ग जमला नाही म्हणून स्वतःला नालायक ठरविणे हा उतावळेपणा होय.

आता प्रत्यक्ष वर्गाचे बोलू.

पहिली गोष्ट, खोडीची वेळ पाहावी. मूल कोणत्या क्षणी उठते? हरिपाठाच्या सुरुवातीस, की सात-आठ अभंग झाल्यावर? पुष्कळ वेळा मुले दमलेली असतात. शाळा, मग कपाशी वेचायला किंवा गुरांमागे हात लावणे, मग देवळात मांडी घालून तासभर बसणे. मोठी माणसे सप्ताहात डुलक्या घेतात, तर पोरांचे काय? म्हणून मध्ये पावली घ्यावी, फुगडी घ्यावी. वारकऱ्यांचे भजन पायांनीही होते. उभे राहून नाचले की अंगातली खोडी तालात जाते.

दुसरी, अर्थ सांगावा. जे शब्द कळत नाहीत ते मुले नकलेत काढतात. रोज एकच चरण घ्यावा, त्यातला एकच शब्द फोडून सांगावा, आणि मग विचारावे, "काय समजलं?" ज्याला खोडी सुचते त्याला बुद्धी असते. त्यालाच आधी विचारावे, पण पेचात धरण्यासाठी नव्हे.

तिसरी, त्याला काम द्यावे. जो मुद्दाम टाळ चुकवितो त्याचा कान तयार आहे. ताल ठाऊक असल्याशिवाय तो नेमका चुकविता येत नाही! अशाला पखवाजाजवळ बसवावे. टाळ वाटणे, मोजून परत घेणे, समई लावणे ही कामे त्याच्याकडे द्यावीत. जो नक्कल हुबेहूब करतो त्याचा गळा फिरता आहे, त्याला ध्रुपद धरावयास द्यावे. गावबाला पुरणपोळी होती, याचे काय आहे ते बुवांनी शोधावे.

चौथी, चारचौघांत कच्चा म्हणू नये. संतमेळ्यात गोरोबाकाकांनी थापटणे घेऊन नामदेवांना कच्चे मडके ठरविले आणि नामदेव दुखावले, हे प्रसिद्ध आहे. पुढे ते आपल्या शेजारच्या औंढ्या नागनाथास विसोबा खेचरांकडे गेले आणि पक्के झाले. पण ते नामदेव होते. दुखावले तरी विठ्ठलाकडेच गेले. बारा वर्षांचे पोर दुखावले तर कोठे जाईल, हे कोणी सांगावे? बोलावयाचे ते एकांतात बोलावे, आणि थोडके.

पाचवी, घरी जाऊन यावे. तक्रार घेऊन जाऊ नये. "तुमचा मुलगा टाळ चांगला धरतो" एवढे बोलून चहा घेऊन परत यावे. घरची परिस्थिती डोळ्यांनी दिसली की निम्मा राग तेथेच उतरतो. बाप कोठे आहे, आई किती वाजता शेतातून परत येते, पोर कोणाजवळ वाढते, हे वर्गात कळत नाही.

काल्याचे कीर्तन आठवावे. देवाच्या गड्यांत पेंद्या आहे, वाकड्या आहे, बोबडा आहे. सर्वांच्या शिदोऱ्या एकत्र होतात तेव्हाच काला होतो. ज्याची शिदोरी आंबूस, त्याला बाहेर ठेवून केलेला तो काला नव्हे.

एवढे करूनही जमले नाही तर? तसेही होते. एखादे मूल या वर्षी लागत नाही, चार वर्षांनी दिंडीत आपणहून येऊन उभे राहते. एखादे कधीच येत नाही. गीतेतही देवाने सांगून मग निर्णय अर्जुनावर सोडला. पेरणे आपले, उगवणे पावसाचे, हे वऱ्हाडातल्या कोरडवाहू शेतकऱ्याला निराळे सांगावयास नको.

राहिला वर्ग बंद करण्याचा प्रश्न. सप्ताहात आपण वीणा उभी करतो. रात्रंदिवस पहारा चालतो. विणेकऱ्याचे पाय दुखतात, डोळे मिटू लागतात, तेव्हा तो काय करतो? दुसऱ्याच्या पाया पडून वीणा त्याच्या गळ्यात घालतो आणि थोडा विसावतो. वीणा खाली ठेवीत नाही. बुवा थकले असतील तर त्यांनी तसेच करावे. गावातल्या एखाद्या जुन्या टाळकऱ्याला चार दिवस वर्ग सांभाळावयास सांगावे, आपण मागे मुलांत बसावे. शिकविणाऱ्याने एकदा शिकणाऱ्यांच्या ओळीत बसून पाहिले, की आपली रीत कोठे लांबते आणि कोठे कंटाळवाणी होते, ते आपोआप कळते. आणि त्या खोडकर पोराच्या शेजारीच बसावे. टाळ त्याच्या तालाने धरून पाहावा.

वीणा आपली नव्हे, म्हणून ती झेपत नाही असे म्हणण्याचा प्रश्नच उरत नाही. ती ज्याची आहे तो विटेवर उभा आहे, आणि त्याचे पाय अजून दुखलेले नाहीत. तेव्हा बुवांनी वर्ग चालू ठेवावा. उद्या दिवेलागणीला टाळ वाटण्याचे काम त्या पोराकडे द्यावे.

रामकृष्णहरि.